हौशीरामभाऊंच्या वतीने

तळेगाव दाभाडे
रविवार, १२ जानेवारी २०२५

हौशीरामभाऊंना सप्रेम जय भीम.

'बोलू हळूहळू' या आपल्या गटात तुम्ही येऊन तीन आठवडे झाले. गट चालवणाऱ्या लोणावळ्याच्या राजेश्वरीताईंनी मला तुमची सोबतीण नेमलं आहे. लकवा होऊन गेलेल्या नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. रविवारी अकराला आपण सगळे फोनच्या पडद्यावर भेटतोच. पण तिथे कोणाच्या घरचा पंखा दिसतो, कोणाचा कुकर शिट्ट्या मारतो, आणि आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत घरचं कोणीतरी मागून डोकं घालून ते पुरं करतं. म्हणून ताईंनी नियम केला की सोबत्यांनी एकमेकांना हाताने पत्र लिहून पोस्टात टाकायचं. ज्याला लकवा झालाय त्यानेच लिहायचं, घरच्यांनी हात लावायचा नाही.

माझी ओळख सांगते. वय चोपन्न. इथल्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीत होते. माल तपासायचा आणि खोट दिसली की परत पाठवायचा, हे काम. सवय अजून गेलेली नाही, शेजारीपाजारी साक्षीला आहेत. अडीच वर्षांपूर्वी तपासणीच्या टेबलावरच उजवा हात गळून खाली पडला. मेंदूत गुठळी. हातपाय बरेच परत आले, डाव्या हाताने लिहायला जमू लागलं, बोलणं मात्र अजून अडतं. शब्द माहीत असतो, पण तोंडातून येत नाही. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात.

माझा मुलगा पवन गुणी आहे. पण 'आई, तुला म्हणायचंय का' असं म्हणत त्याने माझी इतकी वाक्यं पुरी केली आहेत की आता डॉक्टरसुद्धा 'यांना झोप लागते का' हे त्यालाच विचारतात. मी तिथेच समोर बसलेली असते.

तुमच्याबद्दल इतकंच कळलंय की तुम्ही बैलगाडा शर्यतीचे निवेदक आणि मावळात तुमचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. बाकी तुम्ही सांगा. दोन ओळी आल्या तरी पुष्कळ. हे पत्र मी चार बैठकांत लिहिलंय. अक्षराची लाज बाळगू नका, माझं बघताच आहात.

तुमची सोबतीण,
यशोधरा

*

बेडशाजवळ, पवन मावळ
२१ जानेवारी

यशोधराताईंना हौशीरामचा राम राम.

तर मंडळी, पोस्टमन मारुती दारात उभा, हातात पाकीट, आणि अख्खी आळी विचारते, कुणाचं पत्र? आमच्याकडे पत्र म्हणजे बँकेची नोटीस नाहीतर कोर्टाची तारीख. हे तळेगावच्या बाईंचं आहे म्हटल्यावर तर लोकांची उत्सुकता दुप्पट वाढली.

'मंडळी' म्हणायची सवय आहे, माफ करा. पस्तीस वर्षं घाटावर उभं राहून तेच केलं. घाट म्हणजे खंडाळ्याचा नव्हे. बैलगाडे पळतात तो चढ, त्यालाही आम्ही घाटच म्हणतो. गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी, आणि ती अकरा-बारा सेकंदांत संपते. तेवढ्यात मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, मालकाच्या आजोबांची पुण्याई आणि घड्याळातला वेळ, सगळं बसवायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक दुसऱ्याला नावं ठेवायला म्हणतात. मला त्याच जिभेपायी नारळ आणि फेटे मिळाले.

मग गेल्या श्रावणात, सकाळी गोठ्यात, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. आता 'हां' आणि 'चल' एवढे दोनच शब्द उरलेत. पाहुणा आला तरी 'चल', मांजर आलं तरी 'चल'. पाहुण्याला वाईट वाटतं, मांजराला वाटत नाही.

तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाही. दवाखान्यात जायचं तेही गाडीच्या काचा वर करून. ज्या तोंडाचं लोकांनी ऐकलं त्याच तोंडातून त्यांनी 'चल' ऐकावं, हे सोसत नाही. चैत्रात गावची यात्रा आहे. कमिटी म्हणते, घाटावर सत्कार करू. खुर्चीत बसवणार, फेटा बांधणार आणि कर्ण्यावर जुनं रेकॉर्डिंग लावणार. म्हणजे जिवंत माणसाची पुण्यतिथीच की. पण या खेपेला गेलं नाही तर माणसांत जाणं कायमचं संपलं, ही भीती आहे. काय करावं ते सांगा.

घरी सगळं ठीक. येसूबाई, म्हणजे आमची मंडळी, भाकरी वेळेवर देते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आपला,
हौशीराम

*

तळेगाव दाभाडे
३ फेब्रुवारी

हौशीरामभाऊ,

तुमचं मांजर मी पवनला वाचून दाखवलं. वाचताना तीन ठिकाणी अडले आणि तो तिन्ही वेळा गप्प बसला, कारण हसत होता. त्याबद्दल मांजराची मी आभारी आहे.

अक्षराबद्दल मात्र तक्रार आहे. पाच महिन्यांत डाव्या हाताने इतकं टापटीप लिहिणारा माणूस मी पाहिला नाही. माझ्या 'क'ला अजून कंबर नाही. काय युक्ती केली ते गटाला सांगा. आणि काल रविवारी तुमचा कॅमेरा पुन्हा बंद. तुमची मजेशीर वाक्यं तेवढी टाइप होऊन येतात. शेवटपर्यंत थांबला असतात तर करमणूक झाली असती. एकाने कबुतराच्या तेलाने लकवा जातो असा फॉरवर्ड टाकला होता आणि राजेश्वरीताईंनी त्याची अशी हजेरी घेतली की कबुतरांनी सभा घेऊन आभार मानले असते.

सत्काराचं तुम्ही विचारलंत. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, फक्त तुम्हीच. दुसऱ्या कोणी ठरवलेल्या ठिकाणी मला अडीच वर्षांत पुष्कळ नेऊन बसवलंय, त्यातलं एकही मला आवडलेलं नाही.

आता एक विचारते. शब्द अडतो तेव्हा तुम्हाला काय होतं? माझं सांगते. मी चमचा मागायला जाते आणि जिभेवर 'शनिवार' येतो. शनिवार म्हटल्याचं मला ऐकू येतं. खोट दिसते आणि हात पोचत नाही. क्वालिटीत काम केलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नसेल.

आणखी एक, जे कोणाला सांगितलेलं नाही. मी न्हाणीघरात नळ सोडून शब्द म्हणते, पवनला ऐकू जाऊ नये म्हणून. ज्या दिवशी माझं नाव पहिल्यांदा सबंध आलं, त्या दिवशी बादली भरून वाहिली आणि मी तशीच उभी राहून रडले. हे तुम्हालाच सांगते, कारण तुम्हाला ते समजावून द्यावं लागणार नाही.

यशोधरा

*

बेडशाजवळ
१७ फेब्रुवारी

यशोधराताई,

नळाची गोष्ट वाचली आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. पुन्हा उचलून पुन्हा वाचली. ती माझ्याजवळ राहील.

अक्षराचं म्हणाल तर मी जन्माचा डावरा आहे. कॅमेऱ्याचं म्हणाल तर आमच्या घरात नेट येतं ते पाहुण्यासारखं, बसलं न बसलं तोच निघालं.

शब्द अडतो तेव्हा काय होतं? आधी ओठ दोनदा हलतात. मग कपाळावर तीन आठ्या पडतात, मधली खोल. मानेची शीर फुगते. चांगला हात मांडीवर आपटत राहतो. मग डोळे भरतात आणि तोंड भिंतीकडे वळतं. तेवढ्यात कोणी शब्द पुरवला तर 'हां' म्हणून सुटका होते, पण ते 'हां' खरं की कंटाळून म्हटलेलं, ते कळत नाही. अशा वेळी असं वाटतं की आपल्या तोंडातले सगळे शब्द काढून देता आले असते तर बरं झालं असतं.

सत्काराचा होकार कळवून टाकला. गेणू विचारायला आला होता. हा नवा निवेदक, मीच तयार केलेला. फार विचार करून पाय निघत नसतो. एकदा फेटा डोक्यावर चढला की पुढचं आपोआप होईल. दोन महिने आहेत, तोवर आणखी चार शब्द येतील अशी आशा.

आपला,
हौशीराम

*

तळेगाव दाभाडे
२५ फेब्रुवारी

पत्र लिहिणाऱ्यास,

आपल्या कपाळावर आठ्या किती पडतात हे कोणालाच माहीत नसतं. मला अडीच वर्षांत माझ्या मोजता आलेल्या नाहीत. त्यातली मधली खोल आहे, हे तर समोर बसलेल्या माणसालाच दिसणार. मी आतलं विचारलं होतं. तुम्ही बाहेरचं सांगितलंत, आणि 'ते हां खरं की खोटं कळत नाही' असंही म्हणालात. म्हणणाऱ्याला ते कळतं. कळत नाही ते ऐकणाऱ्याला.

तुम्ही हौशीरामभाऊ नाही. मुलगा आहात, सून आहात की आणखी कोणी, मला माहीत नाही. नळाची गोष्ट मी माझ्यासारख्या एका माणसाला सांगितली होती. ती दुसऱ्याच कोणी वाचली याचं मला फार वाईट वाटलं. राजेश्वरीताईंना मी अजून काही बोललेले नाही.

तुमची दोन्ही पत्रं सोबत परत पाठवत आहे.

यशोधरा

*

बेडशाजवळ
१२ मार्च

यशोधराताईंना नमस्कार.

मी येसूबाई, हौशीरामची बायको. दोन्ही पत्रं मी लिहिली. कॅमेरा बिघडलेला नाही आणि डावरं आमच्या घरात कोणी नाही.

कसं झालं ते सांगते. आमची सून समीक्षा, तिने फोनवर गट सुरू करून दिला. पहिल्या रविवारी हे पडद्यासमोर बसायलाच तयार नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडलेले. तिकडून राजेश्वरीताई विचारतात, 'हौशीरामभाऊ, आहात ना?' मला उत्तर न देणं बरं वाटेना. मी कॅमेरा बंद ठेवून टाइप केलं, 'आहे मंडळी, बारी लागायची वाट बघतोय.' सगळे हसले. पंधरा-वीस माणसं माझ्या एका वाक्यावर हसली. ताई, मी सत्तावन्न वर्षांची आहे, माझ्या बोलण्यावर इतकी माणसं कधी हसली नव्हती. आमच्या घरात बोलायचं खातं यांच्याकडे होतं.

मग तुमचं पत्र आलं. मी यांच्या हातात पेन दिलं, यांनी ते फेकलं. सातवीत माझ्या अक्षराचा तालुक्यात नंबर होता, बचत गटाची इतिवृत्तं मीच लिहिते, आणि यांची बोलण्याची ढब चाळीस वर्षं ऐकून पाठ झालेली. लिहायला बसले आणि मला मजा यायला लागली. लाज वाटते, पण खरं तेच सांगते. नवरा आत पडलेला आणि मी चुलीपाशी बसून आपलीच वाक्यं वाचून हसायची. तुमच्या नळाच्या गोष्टीला मात्र मी हसले नाही. त्या दिवशी मी यांच्या पायाशी बसून राहिले.

याहून वाईट पुढे आहे. सत्काराचा होकारही माझाच. गेणूने दारात विचारलं, "वैनी, भाऊ येत्याल न्हवं?" आणि मी म्हणून बसले, "व्हय, येत्याल की." यांना विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. विचारून उत्तर कुठे येतं, असं वाटायचं. गेल्या सोमवारी कार्डं छापून आली. फेट्यातला जुना फोटो, खाली यांचं नाव. यांनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि पालथं घातलं. आज नऊ दिवस झाले, 'हां' नाही की 'चल' नाही. होते ते दोन शब्दही माझ्यापायी गेले.

मी चूक केली. काय करू ते सांगा. रागवा, पण पत्र बंद करू नका. मला दुसरं कोणी विचारणारं नाही.

येसूबाई

*

तळेगाव दाभाडे
१९ मार्च

येसूबाई,

राग आला. भरपूर आला. पवन म्हणाला, 'आई, तुला म्हणायचंय का की तू चिडली आहेस?' मी म्हटलं, 'हो.' तो शब्द न अडखळता आला. राग वाचेला चांगला असतो, हे राजेश्वरीताईंना कळवायला हवं.

पण मांजराला मी हसले होते, ते हसणं खोटं नव्हतं. त्यामुळे तुमच्यावर धड रागावताही येईना. आमच्या कारखान्यात खोटीच्या मालाला दोन शिक्के असायचे, भंगार आणि दुरुस्ती. मी तुम्हाला दुरुस्तीत टाकते आहे.

आधी गेणूकडे जा आणि होकार परत घ्या. सुनेला पाठवू नका, फोन करू नका, स्वतः जा. मग घरी येऊन भाऊंना सगळं सांगा. गट, पत्रं, मी, सगळं. माफी मागायची ती त्यांची, माझी नंतर बघू. आणि त्यानंतर काहीही विचारलंत की मनात दहा आकडे मोजा. उत्तर आलं नाही तर पुन्हा दहा. शब्द पुरवू नका. दहा आकडे किती लांब असतात ते बाहेरच्याला कळत नाही, पण आतल्याला तेवढे लागतातच. परवा दवाखान्यात डॉक्टरांनी पवनला विचारलं, 'यांना भूक लागते का?' मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, 'मला… मला विचारा.' मध्ये बराच वेळ गेला. बाहेरची रांग कुरकुरली. पण त्यांनी मला विचारलं.

आणखी एक. आपल्या गटाची बुधवारी दुपारी चारला वेगळी बैठक असते, फक्त घरच्यांची. तिथे लकवेवाल्यांना मज्जाव आहे, म्हणजे तुम्हाला आमच्याबद्दल मनसोक्त बोलता येतं. पवन दर बुधवारी जातो आणि परत आला की माझ्याशी जास्त गोड वागतो. तुमची जागा तिथे होती. येत्या बुधवारी स्वतःच्या नावाने या, कॅमेरा चालू ठेवून.

तुम्ही पहिल्या पत्रात येसूबाईबद्दल लिहिलं होतंत की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते वाक्य तेवढं भंगारात टाकलं आहे.

यशोधरा

*

बेडशाजवळ
१६ एप्रिल

प्रिय यशोधराताई,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावला असाल. एकेक करून सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गेणूकडे गेले. कमिटीची चार माणसं बसलेली. म्हटलं, "होकार माजा व्हता, त्यांचा न्हवता. त्यांला मी इचारलंच न्हाई." गेणू म्हणाला, "वैनी, कार्डं वाटून झाली की वो." मी म्हटलं, "झाली तर झाली. लोकांला सांगा, येसूनं घोळ घातला." कार्यक्रमातून सत्कार काढला. परत येताना हलकं वाटलं.

घरी येऊन यांच्यापुढे सगळी पत्रं ठेवली, तुमची आणि परत आलेली माझी. सगळं सांगितलं. यांनी पत्रांचा गठ्ठा हाताने माझ्याकडे सरकवला, एकही उघडलं नाही. मी दहा मोजले, पुन्हा दहा मोजले. काही नाही. राग गेला नाही असंच मी समजले. तरी विचारत राहिले, चहा की दूध, आत की ओसरीवर, आणि मोजत राहिले. पाचव्या दिवशी तिसऱ्या दहाला 'चा' आला. ताई, तो चहा मी सांडला.

बुधवारच्या बैठकीलाही गेले. तुमच्या पवनने माझ्याआधी सांगितलं की तो आईची वाक्यं पुरी करायचा आणि अजून कधीकधी करतो. मग मला बोलायला सोपं गेलं. राजेश्वरीताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ती वाक्यं तुमची होती तर, बुधवारीही ऐकवत जा.

यात्रेच्या दिवशी सकाळी हे पांढरा सदरा घेऊन माझ्यापुढे उभे. मी विचारलं, "कुटं?" मोजायला लागले. सातावर उत्तर आलं, "घाट." कोणी बोलावलेलं नव्हतं. सत्कार रद्द, फेटा रद्द. यांचं यांनी ठरवलं होतं. समीक्षाने गाडी काढली.

घाटावर माणूस मावत नव्हता. हे काठी टेकत चालले आणि लोक बाजूला होत गेले. गेणूने बघितलं, चालू निवेदन अर्धं सोडून खाली आला, पाया पडला आणि माईक यांच्या हातात दिला. "भाऊ, दोन शब्द." मी बायकांच्या मंडपात उभी होते. 

यांनी काठी गेणूकडे देऊन डाव्या हातात माईक धरला. ओठ हलले. आठ्या पडल्या, तुम्हाला माहीत आहेत तेवढ्या. महिपती गाडामालक अगदी जवळ उभा होता, तो म्हणाला, "राम राम म्हणा, भाऊ." यांनी माईकसकट हात वर करून त्याला गप्प केलं. घाटावर बैलांच्या घुंगरांखेरीज आवाज नाही. मी पदर दातात धरला आणि मोजत राहिले. तीन दहा झाले. चौथ्यात आवाज आला, "राम… राम… मंडळी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी पुढे बोलायला तोंड उघडलं आणि नाही आलं. पुन्हा उघडलं, नाही आलं. मला वाटलं, आता तोंड वळवतील आणि निघतील. यांनी मान वळवली ती मंडपाकडे. मला शोधलं आणि माईक माझ्याकडे केला. "ही… सांगंल."

ताई, आमच्या घाटावर बाईने माईक धरलेला मी कधी पाहिला नाही. कशी चालत गेले ते आठवत नाही. माईक धरला आणि आधी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली. मग म्हटलं, "मंडळी, ह्यांच्या वतीनं मी बोलणार न्हाई. त्ये मी लय करून बसलीया. मी माजं सांगते. सात-आठ म्हयनं झालं, तुमी दारावरनं जाता आन् मला इचारता, भाऊ कसं हायेत. त्ये आत बसल्यात, त्यांला इचारा. तुमची बारी अकरा सेकंदांत संपतीया. ह्यांच्या एका वाक्याला एक मिनिट लागतंया. थांबायचं आसंल त्यानं यावं. चा मी करते."

एवढंच बोलले. लोक हसले. गेणू डोळे पुसत पुढची बारी पुकारायला गेला आणि मालकाचं नाव चुकला. हे खुर्चीत बसून शेवटपर्यंत शर्यत बघत होते.

काल तिघं आले होते. महिपती घड्याळ लावून बसला होता, पण थांबला.

एक गोष्ट मनाला लागून आहे. ती पत्रं यांनी अजूनही उघडलेली नाहीत. मी त्यांच्या नावाने काय काय लिहिलं ते त्यांनी एकदा वाचावं आणि मग रागावायचं तर रागवावं, असं वाटतं. पत्रांचा विषय काढला की हे गालातल्या गालात हसतात आणि दुसरीकडे बघतात. मला काही अर्थ लागत नाही.

तुमची,
येसूबाई

*

२८ एप्रिल

यशोधराताई. राम राम.

मी हौशीराम. खरा.

डावा हात. सहा दिवस लागले. येसू शेतात गेली की लिहितो.

पत्रं वाचली. पहिल्यापासून. येसू पिठाच्या डब्यामागं ठेवायची. ती बाहेर गेली की मी काढायचो. बोलता येत न्हाई. वाचता येतं. हळू.

कार्डाचा राग आला. पत्रांचा न्हाई.

मांजराचं वाचून हसलो. आवाज न करता. भिंतीकडं तोंड करून.

पस्तीस वर्षं माईक माझ्याकडं. घरी पण मीच बोलायचो. तिला एवढं बोलायचं होतं. मी कधी थांबलोच न्हाई.

तुमच्या नळाचं मी पण वाचलं. मी गोठ्यात म्हणतो. बैलाला सांगून.

तिला लिहीत जा. बंद करू नका.

मला पण लिहा. पाकिटं दोन करा.

हौशीराम